ॲन आर्बर ते चॅटनूगा: ॲपलॅचियन स्टेटचा २००७ चा मोसम

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर खेळणाऱ्या ॲपलॅचियन स्टेट विद्यापीठाच्या संघाने २००७ च्या मोसमात १५ सामने खेळले, १३ जिंकले आणि २ गमावले. त्यातला पहिला सामना जगभर गाजला. १ सप्टेंबरला या संघाने मिशिगन विद्यापीठाला ॲन आर्बरमध्ये, त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवले. शेवटचा सामना १४ डिसेंबरला टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात झाला. डेलावेअर विद्यापीठावर ४९-२१ अशी मात करून संघाने सलग तिसरे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण तो दिवस फार थोड्यांच्या लक्षात राहिला. खेळाच्या दृष्टीने मोलाची कमाई ही दुसरीच होती, आणि दोन्ही सामने एकत्र पाहिल्याशिवाय या मोसमाचा अर्थ लागत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ आहे. मैदान १०० यार्डांचे असते आणि दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाऊन, म्हणजे ६ गुण. त्यानंतर लाथेने एक किंवा पुन्हा धाव घेऊन अथवा पास देऊन दोन जादा गुण मिळवता येतात. दूरवरून चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला तर ३ गुणांचा फील्ड गोल होतो. चढाईची सूत्रे क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूच्या हातात असतात. चेंडू फेकायचा, सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे तोच ठरवतो.

विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ मध्ये सदस्य महाविद्यालयांचे तीन विभाग केले. १९७८ मध्ये पहिल्या विभागातल्या फुटबॉलचे पुन्हा दोन भाग पडले. त्यांतल्या खालच्या भागाला बरीच वर्षे 'वन-डबल-ए' म्हणत असत. २००६ पासून त्याचे नाव 'फुटबॉल चॅम्पियनशिप सबडिव्हिजन', म्हणजे एफसीएस, झाले आणि वरचा भाग एफबीएस म्हणून ओळखला जाऊ लागला. दोघांमधली भिंत मुख्यतः शिष्यवृत्त्यांची होती. वरच्या भागातले विद्यापीठ ८५ फुटबॉलपटूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकत असे. खालच्या भागात ६३ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम होती आणि ती तुकडे करून अधिक मुलांत वाटण्याची मुभा होती. दुसऱ्या विभागात ही मर्यादा ३६ वर येते. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. हार्वर्ड, येल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे एफसीएसमध्ये मोडत असली तरी खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि त्या काळात ती बाद फेरीतही उतरत नसत.

आणखी एक फरक होता आणि तो खालच्या पायरीच्या बाजूचा होता. तिथला विजेता मैदानावर ठरत असे. नियमित मोसम संपला की १६ संघ निवडले जात आणि हरेल तो बाहेर, या पद्धतीने चार आठवड्यांत एकच संघ उरे. वरच्या पायरीवर अशी बाद फेरी नव्हती. पत्रकार आणि प्रशिक्षक यांची मते आणि संगणकांची गणिते एकत्र करून पहिले दोन संघ ठरवायचे आणि त्यांचा एक सामना लावायचा, अशी तिथली रीत होती. २००७ मध्ये या रीतीने अंतिम सामन्यात पोहोचलेल्या लुइझियाना स्टेटने मोसमात आधीच दोन सामने गमावलेले होते, तर नियमित मोसमातले १२ ही सामने जिंकलेल्या हवाई विद्यापीठाला त्या सामन्याची संधी मिळाली नाही.

दोन पायऱ्यांना जोडणारा दुवा पैशाचा होता. २००६ पासून मोठ्या विद्यापीठांना नियमित मोसमात ११ ऐवजी कायम १२ सामने खेळण्याची परवानगी मिळाली. हा जादा सामना घरच्या मैदानावर, कमी ताकदीच्या पाहुण्यांशी खेळावा, तिकीटविक्रीचे उत्पन्न घ्यावे आणि पाहुण्यांना ठरावीक रक्कम द्यावी, असा व्यवहार रूढ झाला. यजमानाला जवळजवळ हमखास विजय मिळे आणि पाहुण्यांच्या क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकाला मोठा आधार मिळे. पाहुण्यांनी हरायचे असा करारात कुठे उल्लेख नसे, पण सगळे हिशेब ते गृहीत धरूनच होत. ॲपलॅचियन स्टेटला ॲन आर्बरला येण्यासाठी मिशिगनने ४ लाख डॉलर देऊ केले. मैदानावर त्या दिवशी १,०९,२१८ प्रेक्षक होते.

ॲपलॅचियन स्टेट हे विद्यापीठ नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात, ब्लू रिज डोंगररांगेतल्या बून या गावात आहे. समुद्रसपाटीपासून गावाची उंची ३,३३३ फूट आहे. डॉहर्टी बंधूंनी १८९९ मध्ये डोंगराळ भागातल्या मुलांसाठी इथे एक शाळा काढली. पुढे तिचे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय झाले आणि १९६७ मध्ये विद्यापीठ. २००७ मध्ये इथे सुमारे १५ हजार विद्यार्थी होते आणि गावाची लोकवस्ती त्याहून फारशी वेगळी नव्हती. फुटबॉलच्या किड ब्रूअर स्टेडियमला सगळे 'द रॉक' म्हणतात. शरद ऋतूत शनिवारी तिथे सामना असला की गावातली बाकीची कामे थांबतात. संघाचे नाव माउंटेनियर्स, आणि तो खेळत होता सदर्न कॉन्फरन्स या गटात.

प्रशिक्षक जेरी मूर १९८९ पासून तिथे होते. टेक्सासमधल्या बॉनम गावचे, बेलर विद्यापीठाकडून खेळलेले, नेब्रास्कात टॉम ऑसबोर्न यांच्या हाताखाली तयार झालेले. टेक्सास टेकचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांना यश मिळाले नाही आणि १९८५ च्या मोसमानंतर त्यांची नोकरी गेली. दोन वर्षे ते फुटबॉलपासून दूर, जमीनजुमल्याच्या धंद्यात होते. आर्कान्सामध्ये सहायक म्हणून ते परतले आणि तिथून बूनला आले. २००७ मध्ये ते ६८ वर्षांचे होते.

या वयाच्या माणसाने आपली खेळाची पद्धत मुळापासून बदलावी, ही या कथेतली खरोखर दाद देण्याजोगी गोष्ट आहे. मूर यांचा संघ वर्षानुवर्षे जुन्या धाटणीचा खेळ खेळत आला होता. धिप्पाड खेळाडू मध्यभागी एकवटायचे आणि ताकदीच्या जोरावर चेंडू पुढे रेटायचा. २००३ च्या मोसमानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात जाऊन तिथले प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांच्या 'स्प्रेड' पद्धतीचा अभ्यास केला आणि २००४ पासून ती बूनमध्ये आणली. या पद्धतीत खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरून उभे राहतात, त्यामुळे बचाव करणाऱ्यांनाही पांगावे लागते. क्वार्टरबॅक रेषेपासून चार-पाच यार्ड मागे उभा राहतो, चेंडू हातात आला की सहकाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि टोकाचा एकच बचावपटू काय करतो ते पाहतो. तो आत धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचे, जागीच थांबला तर सहकाऱ्याच्या हातात सोडून द्यायचा. कबड्डीतला चढाईपटू समोरच्याच्या पायावरचा भार पाहून कुठे शिरायचे ते ठरवतो, तसाच हा क्षणाचा निर्णय. दोन प्रयत्नांच्या मध्ये घोळका करून मसलत करण्याची प्रथाही टाळली जाई, म्हणजे बचावाला दम घ्यायला उसंत मिळत नसे. ज्या संघाला दीडशे किलोचे खेळाडू मिळत नाहीत, पण चपळ मुले मिळतात, त्याच्यासाठी ही पद्धत फार सोयीची होती.

तिला साजेसा क्वार्टरबॅक २००६ मध्ये मिळाला. अर्मांटी एडवर्ड्स हा साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवुडचा सडपातळ, शांत मुलगा. मोठ्या विद्यापीठांना तो दुसऱ्या जागांवर खेळवायला हवा होता. त्या अंगकाठीचा मुलगा आपल्या पायरीवर क्वार्टरबॅक म्हणून टिकेल असे त्यांना वाटत नव्हते. ॲपलॅचियनने त्याला त्याची जागा दिली. पहिल्याच मोसमात त्याने पासने २ हजारांहून अधिक आणि धावून १ हजाराहून अधिक यार्ड मिळवले. संघाने २००५ मध्ये नॉर्दर्न आयोवाला २१-१६ असे हरवून पहिले विजेतेपद जिंकले होते. एडवर्ड्सच्या पहिल्या वर्षी मॅसॅच्युसेट्सला २८-१७ असे हरवून दुसरे आले. २००६ च्या पहिल्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून हरल्यानंतर हा संघ सलग १४ सामने जिंकून ॲन आर्बरला येत होता. मिशिगनच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होते.

मिशिगनलाही त्या वर्षी मोठ्या आशा होत्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मोसमाआधीच्या क्रमवारीत संघ पाचवा होता. क्वार्टरबॅक चॅड हेनी, धावपटू माइक हार्ट आणि टॅकल जेक लाँग हे तिघेही शेवटच्या वर्षासाठी विद्यापीठात राहिले होते. पण स्प्रेड पद्धतीशी लढताना हा संघ अडखळतो, हे जाणकारांना दिसत होते. सामना दुपारी १२ वाजता सुरू झाला. त्याचे प्रक्षेपण करणारी बिग टेन नेटवर्क ही वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती आणि मिशिगनमधल्याच कितीतरी घरांत अजून दिसत नव्हती.

हार्टच्या टचडाऊनने मिशिगनने खाते उघडले. ॲपलॅचियनने लगेच उत्तर दिले. एडवर्ड्सचा पास पकडून डेक्स्टर जॅक्सन ६८ यार्डांचे टचडाऊन करून गेला. मिशिगन १४-७ असे पुढे गेले खरे, पण दुसऱ्या सत्रात पाहुण्यांनी ओळीने तीन टचडाऊन केले. त्यांतले एक पुन्हा जॅक्सनचे, एक स्वतः एडवर्ड्सचे. मध्यंतराला गुणफलक २८-१७ असा होता. पाहुणे दमतील, संख्येचा आणि वजनाचा फरक उत्तरार्धात जाणवेल, असे अनुभवी माणसांचे मत होते. ते अगदी चुकीचेही नव्हते. अधूनमधून दुखापतीने बाहेर बसावे लागलेला हार्ट परतला आणि मिशिगनने अंतर कापत आणले. मात्र उत्तरार्धातल्या दोन्ही टचडाऊननंतर दोन जादा गुणांचा प्रयत्न फसला, आणि शेवटी हेच दोन गुणांचे अंतर उरले. सामना संपायला साडेचार मिनिटे असताना हार्टने ५४ यार्डांची धाव घेऊन मिशिगनला ३२-३१ अशी आघाडी मिळवून दिली. त्या दिवशी त्याने १८८ यार्ड आणि तीन टचडाऊन केली. पराभूत संघाच्या खेळाडूचा तो उत्तम खेळ होता.

त्यानंतर एडवर्ड्सचा पास मिशिगनने मधल्यामध्ये पकडला. आता सामना संपल्यात जमा होता. मिशिगनने फील्ड गोलचा प्रयत्न केला आणि ॲपलॅचियनने तो अडवला. दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता आणि ॲपलॅचियनकडे एकही टाइमआउट नव्हता. एडवर्ड्सने छोटे-मोठे पास देत संघाला ६९ यार्ड पुढे नेले. २६ सेकंद उरले असताना ज्युलियन राउचने २४ यार्डांचा फील्ड गोल मारला आणि गुणफलक ३४-३२ झाला. तरीही मिशिगनला एक संधी मिळाली. हेनीने मारिओ मॅनिंगहॅमला ४६ यार्डांचा लांब पास दिला आणि ६ सेकंद असताना मिशिगन ३७ यार्डांवरून फील्ड गोल मारायला उभे राहिले. कोरी लिंच कडेने धावत आत शिरला, चेंडू त्याच्या अंगावर आदळला आणि तोच चेंडू उचलून तो उलट दिशेने पळत सुटला. वेळ संपली तेव्हा लाखाहून जास्त माणसांच्या त्या मैदानात आवाज फक्त पाहुण्यांच्या कोपऱ्यातून येत होता.

असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीतल्या एफबीएस संघाला एफसीएस संघाने हरवण्याची ही पहिलीच वेळ होती. एडवर्ड्सच्या नावावर पासने २२७ यार्ड आणि तीन टचडाऊन, धावून ६२ यार्ड आणि एक टचडाऊन अशी नोंद झाली. बूनमध्ये विद्यार्थ्यांनी रिकाम्या किड ब्रूअर स्टेडियममध्ये शिरून गोलचा खांब उपटला आणि कुलगुरू केनेथ पीकॉक यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन टाकला. मिशिगन पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्या २५ संघांबाहेर फेकले गेले. एफसीएसच्या संघांना या क्रमवारीत मत देता येत नव्हते, तो नियम असोसिएटेड प्रेसने काही दिवसांतच बदलला. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर ॲपलॅचियनचा विजय झळकला. एरवी राष्ट्रीय वृत्तपत्रे ज्या संघाचा निकाल एका ओळीत छापत, त्याच्या सरावालाही आता कॅमेरे येऊ लागले.

पण संघाला अजून पुरा मोसम खेळायचा होता आणि तो काही सोपा गेला नाही. एडवर्ड्सचा खांदा दुखावला आणि त्याला काही सामने बाहेर बसावे लागले. लेनॉर-राइन आणि नॉर्दर्न ॲरिझोना यांना हरवून सलग विजयांची संख्या १७ झाली. मग स्पार्टनबर्गला वॉफर्ड कॉलेजने ही मालिका ४२-३१ अशी खंडित केली. ४० हजार विद्यार्थ्यांच्या मिशिगनला हरवून महिनाही झाला नव्हता आणि जेमतेम हजार-तेराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजने ॲपलॅचियनला हरवले. सदर्न कॉन्फरन्सच्या बाहेर हा निकाल धक्कादायक वाटला, आत तसा वाटला नाही. वॉफर्डची घोटून तयार केलेली धावांची पद्धत अडवणे किती कठीण आहे, हे तिथला प्रत्येक प्रशिक्षक जाणून होता. २० ऑक्टोबरला जॉर्जिया सदर्नने बूनमध्ये येऊन ३८-३५ असा विजय मिळवला आणि घरच्या मैदानावरची ३० विजयांची मालिकाही संपली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोसम हातचा जातो की काय, अशी स्थिती होती. संघाने मात्र उरलेले सगळे सामने जिंकले. जुना शेजारी आणि प्रतिस्पर्धी वेस्टर्न कॅरोलायनाला त्याने ७९-३५ असे हरवले. कॉन्फरन्सचे विजेतेपद वॉफर्डबरोबर वाटून घ्यावे लागले.

त्याच शरदात खालच्या पायऱ्यांवर इतरही बरेच काही घडत होते. नॉर्दर्न आयोवाने आयोवा स्टेटला हरवले. दुसऱ्या विभागातून नुकत्याच वर आलेल्या नॉर्थ डकोटा स्टेटने २० ऑक्टोबरला मिनेसोटाला २७-२१ असे हरवले. जादा सामना हा हमखास विजय आहे ही समजूत त्या एका मोसमात अनेक ठिकाणी मोडली. २७ ऑक्टोबरला डेलावेअरने नौदल अकादमीच्या नेव्ही संघावर ५९-५२ अशी मात केली. त्याच दिवशी मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात तिसऱ्या विभागातला एक सामना चालू होता. टेक्सासच्या सॅन अँटोनियोचे ट्रिनिटी विद्यापीठ मिलसॅप्स कॉलेजविरुद्ध २४-२२ असे मागे होते आणि दोनच सेकंद उरले होते. चेंडू शेवटच्या रेषेपासून ६१ यार्ड दूर होता. एकदा पुढे पास दिल्यावर ट्रिनिटीच्या खेळाडूंनी तो मागे आणि बाजूला एकमेकांकडे १५ वेळा फेकला, तेही मिनिटभर न थांबता, आणि अखेरीस रायली करी रेषेपार धावला. निकाल २८-२४. शिष्यवृत्ती न मिळणाऱ्या, अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलांचा तो एक प्रयत्न नंतर देशभर पुन्हा पुन्हा दाखवला गेला. डिसेंबरमध्ये या विभागाचे विजेतेपद विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरने जिंकले. आधीच्या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात ज्याच्याकडून हार पत्करली होती, त्या माउंट युनियनला त्याने ३१-२१ असे नमवले.

एफसीएसच्या बाद फेरीत त्या वर्षी तीन अपराजित संघ होते: नॉर्दर्न आयोवा, मॅकनीज स्टेट आणि मोंटाना. पहिल्या चार मानांकनांत ॲपलॅचियन नव्हते. पहिल्या फेरीत मोंटानाला वॉफर्डने २३-२२ असे बाहेर काढले आणि मॅकनीजला ईस्टर्न वॉशिंग्टनने ४४-१५ असे. ॲपलॅचियनचा पहिला सामना जेम्स मॅडिसन विद्यापीठाशी होता. २८-२७ अशी एका गुणाची आघाडी हातात असताना मॅडिसनचा संघ फील्ड गोलच्या टप्प्यात येऊन ठेपला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या धावपटूच्या हातून चेंडू सुटला आणि ॲपलॅचियनच्या खेळाडूने तो ताब्यात घेतला. पुढच्या आठवड्यात ईस्टर्न वॉशिंग्टनवरचा विजयही ३८-३५ असा निसटता होता. ॲन आर्बरइतकाच तणाव या दोन सामन्यांत होता. फरक एवढाच की इथे हरले असते तर मोसम तिथेच संपला असता.

उपांत्य सामना ७ डिसेंबरला बूनमध्ये रिचमंडशी झाला. डोंगरातल्या त्या थंड रात्री एडवर्ड्सने स्वतः धावून ३१३ यार्ड मिळवले. पहिल्या विभागात क्वार्टरबॅकने एका सामन्यात धावून मिळवलेल्या यार्डांचा तो तेव्हाचा विक्रम होता. पासही त्याने क्वचितच चुकवले. निकाल ५५-३५. मिशिगनविरुद्धचा त्याचा खेळ अधिक लोकांनी पाहिला, पण त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम सामना निवडायचा तर हाच निवडावा लागेल.

दुसऱ्या बाजूने के. सी. कीलर यांचा डेलावेअर संघ वर येत होता. त्याची पहिली फेरी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. त्या चिमुकल्या राज्यात फुटबॉल खेळणारी पहिल्या विभागातली दोनच विद्यापीठे आहेत: न्यूअर्कमधले डेलावेअर विद्यापीठ आणि डोव्हरमधले डेलावेअर स्टेट. डेलावेअर स्टेटची स्थापना १८९१ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी झाली. न्यूअर्कच्या विद्यापीठाने कृष्णवर्णीयांना पदवी वर्गांत प्रवेश दिला तो १९५० मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर. तासाभराच्या अंतरावरचे हे दोन संघ फुटबॉलच्या मैदानावर कधीच समोरासमोर आले नव्हते. दोन्ही संस्थांनी आपसात जो सामना कधी ठरवला नाही, तो बाद फेरीच्या जोड्यांनी घडवून आणला. धावपटू ओमर कफच्या जोरावर डेलावेअर ४४-७ असे जिंकले. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, हे संघ नियमित मोसमातही भेटले. पुढे डेलावेअरने अपराजित नॉर्दर्न आयोवाला ३९-२७ आणि सदर्न इलिनॉयला २०-१७ असे, दोघांनाही त्यांच्या घरी, हरवले. त्यांचा क्वार्टरबॅक होता जो फ्लॅको. पिट्सबर्गमध्ये खेळायची संधी न मिळाल्याने तो एक पायरी खाली उतरून डेलावेअरला आला होता.

चॅटनूगाच्या फिनली स्टेडियममध्ये अंतिम सामन्याला सुमारे २३ हजार प्रेक्षक होते आणि त्यांतले बहुसंख्य बूनहून डोंगर उतरून आलेले. सामना अटीतटीचा होईल ही अपेक्षा ॲपलॅचियनने पूर्वार्धातच खोटी ठरवली. एडवर्ड्स, केव्हिन रिचर्डसन आणि जॅक्सन यांना थांबवणे डेलावेअरला जमले नाही आणि फ्लॅकोला बचावफळीने मोकळा वेळ दिला नाही. ४९-२१ या विजयाने ॲपलॅचियन स्टेट एफसीएसची सलग तीन विजेतेपदे मिळवणारा पहिला संघ ठरला. रिचर्डसन आणि लिंच यांच्यासारख्या खेळाडूंची विद्यापीठातली शेवटची तीन वर्षे तीन विजेतेपदांनी संपली.

मिशिगनचा मोसम त्या पराभवाने संपला नव्हता. पुढच्याच आठवड्यात ओरेगॉनने त्यांना ३९-७ असे हरवले, पण संघ सावरला, ९ सामने जिंकला आणि १ जानेवारी २००८ रोजी कॅपिटल वन बोलमध्ये फ्लोरिडाला ४१-३५ असे हरवून त्याने शेवट गोड केला. प्रशिक्षक लॉइड कार यांनी नोव्हेंबरमध्येच निवृत्ती जाहीर केली होती. त्यांच्या जागी डिसेंबरच्या मध्याला नेमणूक झाली ती वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिगेझ यांची. ज्यांच्याकडून मूर यांनी स्प्रेड पद्धत शिकून घेतली, तेच आता मिशिगनचे प्रशिक्षक झाले.

एप्रिल २००८ मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडू निवडीत बाल्टिमोर रेव्हन्सने फ्लॅकोला पहिल्याच फेरीत, १८ व्या क्रमांकावर घेतले. पाचव्या मोसमात त्याने संघाला सुपर बोल जिंकून दिला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेक्स्टर जॅक्सन दुसऱ्या फेरीत टँपा बेकडे गेला, कोरी लिंच सहाव्या फेरीत सिनसिनाटीकडे. एफसीएसच्या सर्वोत्तम चढाईपटूला मिळणारा वॉल्टर पेटन पुरस्कार २००७ मध्ये जॉर्जिया सदर्नच्या जेसन फॉस्टरला मिळाला होता. २००८ आणि २००९ चा एडवर्ड्सने पटकावला. पासने १० हजार आणि धावून ४ हजार यार्ड मिळवणारा तो पहिल्या विभागातला पहिला खेळाडू ठरला. व्यावसायिक संघाने मात्र त्याला क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, तर पास पकडणारा खेळाडू म्हणून घेतले. चौथे विजेतेपद ॲपलॅचियनच्या वाट्याला आले नाही. २००८ च्या उपांत्यपूर्व फेरीत रिचमंडने त्यांना हरवले आणि तेच पुढे विजेते ठरले. मूर २०१२ च्या मोसमानंतर पायउतार झाले. २०१४ मध्ये त्यांना कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

२०१४ मध्येच ॲपलॅचियन स्टेट सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये दाखल होऊन वरच्या पायरीवर गेले. त्या मोसमाचा पहिला सामना पुन्हा ॲन आर्बरला झाला. मानधन १० लाख डॉलर होते आणि मिशिगन ५२-१४ असे जिंकले. जॉर्जिया सदर्नही त्याच वर्षी वर गेले. पुढे २०२२ मध्ये जेम्स मॅडिसन आणि २०२५ मध्ये डेलावेअरनेही तीच वाट धरली. वॉफर्ड कॉलेज आजही सदर्न कॉन्फरन्समध्येच खेळते. एफसीएसची बाद फेरी २०१३ मध्ये २४ संघांची झाली; अंतिम सामना त्याआधीच चॅटनूगाहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला हलवला गेला होता. सलग तीन विजेतेपदांची ॲपलॅचियनची कामगिरी मागे टाकली ती २००७ मध्ये मिनेसोटाला हरवणाऱ्या नॉर्थ डकोटा स्टेटने. २०११ ते २०१५ या पाचही मोसमांत विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले.